छोट्या टास्क नीट, मोठी मात्र अर्ध्यात पडते: प्राइमग्रिडवरच्या एररचं निदान

लक्षण ओळखीचं आहे. बॉइंकला (आपल्या पीसीची ताकद संशोधनाच्या प्रकल्पांना देणारा प्रोग्रॅम) प्राइमग्रिड हा मूळ संख्या शोधणारा प्रकल्प जोडलेला आहे. प्रॉथ प्राइम सर्चच्या छोट्या टास्क एकामागून एक पार पडतात, क्रेडिट जमा होतं. मग ‘सेव्हन्टीन ऑर बस्ट’ या त्याच्याच उपप्रकल्पाची लांबलचक टास्क घेतली, की ती काही दिवस चालते आणि कधी ३० टक्क्यांवर, कधी ८५ टक्क्यांवर ‘कम्प्युटेशन एरर’ दाखवून बंद पडते. दुसरी घेतली, तिचंही तेच. काहींना एरर येत नाही, पण सहा दिवसांचा अंदाज दाखवणारी टास्क बारा दिवस संपत नाही.

बॉइंक काढून पुन्हा टाकल्यानं यातलं काहीही सुटत नाही, उलट चालू टास्क हातची जाऊ शकते. सर्व्हरवर संशय घेण्यातही अर्थ नाही. त्याचा दोष असता तर त्याच वेळी सगळ्यांच्या टास्क पडल्या असत्या. (सर्व्हर चुकतच नाहीत असं नाही. जिम्प्स या मूळ संख्या शोधणाऱ्या दुसऱ्या प्रकल्पातल्या एका मशीननं १७ सप्टेंबर २०१५ ला विक्रमी मर्सेन मूळ संख्या कळवली होती, ती सर्व्हरवर तशीच पडून राहिली आणि माणसांच्या लक्षात आली ७ जानेवारी २०१६ ला. पण उत्तर जागच्या जागी होतं, बिघडलेलं नव्हतं.) बिघाड जवळजवळ नेहमी आपल्याच टेबलाखालच्या डब्यात असतो.

निदान करताना पहिला प्रश्न एवढाच विचारा: कोणत्या आकाराची टास्क पडते? छोट्याही पडत असतील तर कोअर, व्होल्टेज किंवा उष्णता बघा. छोट्या ठणठणीत आणि फक्त मोठ्या पडत असतील तर रॅम बघा. मोठी पडत नाही पण रखडते, तर कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) आणि बॉइंकची सेटिंग्ज बघा. हा क्रम न धरता सगळं एकदम बदललं, तर मशीन सुधारलं तरी कशानं सुधारलं हे कळत नाही, आणि महिनाभरानं तोच एरर परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एवढी नाजूक टास्क कशासाठी

पोलिश गणिती शेर्पिन्स्की यांनी १९६० मध्ये सिद्ध केलं, की अशा अनंत विषम संख्या क आहेत ज्यांच्यासाठी क × २^न + १ ही संख्या न काहीही घेतला तरी मूळ निघत नाही. १९६२ मध्ये जॉन सेल्फ्रिज यांनी ७८५५७ ही त्यांपैकी एक असल्याचं दाखवलं: न कोणताही घ्या, ३, ५, ७, १३, १९, ३७, ७३ यांपैकी कुणीतरी त्या संख्येला भागतंच. हीच सगळ्यांत लहान का, हे मात्र अजून अटकळ आहे. ती सिद्ध करायची तर ७८५५७ च्या खालच्या प्रत्येक विषम क साठी निदान एक मूळ संख्या सापडायला हवी. मार्च २००२ मध्ये ‘सेव्हन्टीन ऑर बस्ट’ सुरू झालं तेव्हा असे १७ क उरले होते. आता पाच आहेत: २११८१, २२६९९, २४७३७, ५५४५९ आणि ६७६०७. मूळ प्रकल्पाचा सर्व्हर २०१६ मध्ये बॅकअपसकट गेला, आणि काम प्राइमग्रिडनं पुढे चालू ठेवलं.

शेवटचा निकालात निघालेला क म्हणजे १०२२३. त्याची मूळ संख्या ३१ ऑक्टोबर २०१६ ला सापडली, न = ३,११,७२,१६५, आणि अंक ९३,८३,७६१. ती मूळ आहे हे ठरवायला एका संख्येचा तीन कोटींहून जास्त वेळा ओळीनं वर्ग करून दर वेळी तपासायच्या संख्येनं भागून बाकी काढावी लागते. प्रत्येक वर्ग आधीच्या उत्तरावर उभा असतो. कोलॅट्झच्या अटकळीच्या पडताळणीत प्रत्येक संख्या वेगळी तपासतात, तिथे एका संख्येचा हिशेब चुकला तर शेजारच्या संख्येला धक्का लागत नाही. इथे मधल्या एका पायरीत एक बिट उलटला की पुढची प्रत्येक पायरी कचरा. आणि चुकीच्या बाकीवरून ‘ही मूळ नाही’ असा शिक्का बसला, ती नेमकी मूळ असली, तर त्या क ची पुढची संख्या कुठे सापडेल याचा नेम नाही.

म्हणूनच हा हिशेब करणाऱ्या आताच्या एलएलआर२ या प्रोग्रॅममध्ये गर्बिच चेक आहे. रॉबर्ट गर्बिच यांनी २०१७ मध्ये सुचवलेली ही युक्ती फार देखणी आहे. ठरावीक अंतरावरच्या बाक्यांचा गुणाकार बाजूला साठवत जायचा. त्या गुणाकाराचाच तेवढ्या पायऱ्यांइतका वर्ग केला आणि सुरुवातीच्या बाकीनं गुणलं, तर एक पायरी पुढचा गुणाकार मिळायला हवा. मिळाला तर आतापर्यंतचं सगळं बरोबर, नाहीतर मध्ये कुठेतरी गडबड. खर्च नगण्य, एका टक्क्याच्याही आत. चेक चुकला की प्रोग्रॅम शेवटच्या खात्रीच्या ठिकाणी परत जातो आणि तिथून हिशेब पुन्हा करतो.

याचा आपल्याशी संबंध असा, की बिघडलेलं मशीन आता चुकीचं उत्तर क्वचितच पाठवतं. ते वेळ खातं. दर काही तासांनी मागे जाणारी टास्क रखडलेली दिसते, आणि मागे जाऊन जाऊन निभेना झालं की एरर देऊन थांबते. पूर्ण होऊन ‘व्हॅलिड’ झालेल्या टास्कच्या आतही दोन-चार वेळा मागे गेल्याच्या खुणा असू शकतात. हिरवी खूण दिसली म्हणून मशीन निरोगी समजू नका.

लॉग आधी, स्क्रूड्रायव्हर नंतर

प्राइमग्रिडच्या साइटवर आपल्या खात्यात जाऊन टास्कची यादी उघडा, पडलेल्या टास्कच्या क्रमांकावर क्लिक करा. खाली स्टँडर्ड एररचं आउटपुट दिसतं. त्यात तीन गोष्टी शोधा: एक्झिट कोड, एफएफटीची (फास्ट फूरियर ट्रान्सफॉर्म, प्रचंड संख्यांच्या गुणाकाराची पद्धत) लांबी, आणि राउंडऑफ किंवा चेक फेल झाल्याची ओळ.

कोड १९५ म्हणजे आतला एलएलआर प्रोग्रॅम मेला. नुसता हा कोड काही सांगत नाही, त्याच्या वरच्या ओळी वाचा. १९६ म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा डिस्कवर जास्त जागा लागली. १९७ म्हणजे वेळेची कमाल मर्यादा ओलांडली. हा बहुधा बॉइंकच्या चुकीच्या बेंचमार्कमुळे येतो, मॅनेजरच्या टूल्स मेनूतून सीपीयू बेंचमार्क पुन्हा चालवा. २०० म्हणजे सुरू होण्याआधीच मुदत टळली. २०३ म्हणजे तुम्ही किंवा घरातल्या कुणीतरी अबॉर्ट दाबलंय. विंडोजवर उणे १०७३७४१८१९ दिसलं तर तो ॲक्सेस व्हायोलेशन: प्रोग्रॅमनं मेमरीत भलत्याच जागी हात घातला. असा एखादाच आला तर अँटिव्हायरस बघा, वारंवार येत असेल तर रॅम.

राउंडऑफची ओळ सगळ्यांत बोलकी. एवढ्या अवाढव्य संख्यांचा गुणाकार एफएफटीनं होतो, म्हणजे पूर्णांकांचं काम दशांशी आकड्यांवर चालतं आणि शेवटी प्रत्येक घटक जवळच्या पूर्णांकावर आणला जातो. घटक पूर्णांकापासून किती सरकलाय तो राउंडऑफ. तो ०.५ पर्यंत गेला तर खालचा पूर्णांक घ्यायचा की वरचा, हेच ठरत नाही. ०.४० च्या वर गेला की प्रोग्रॅम तक्रार करतो. तक्रार नेमकी त्याच पायरीवर, त्याच आकड्यासह पुन्हा आली, तर निवडलेली एफएफटी लांबी काठावरची आहे आणि प्रोग्रॅम ती स्वतः वाढवून घेतो. मशीन निर्दोष. दर वेळी वेगळ्या पायरीवर आणि अचानक ०.५ आला, तर हार्डवेअर. हा फरक पक्का लक्षात ठेवला तर अर्धं निदान लॉगवरच होतं.

विंडोजमध्ये आणखी एक साक्षीदार असतो. इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधल्या सिस्टीममध्ये जा आणि डब्ल्यूएचईए-लॉगर या नावानं गाळणी लावा. १९ क्रमांकाची नोंद म्हणजे हार्डवेअरची चूक झाली आणि दुरुस्तही झाली. १८ म्हणजे दुरुस्त झाली नाही. १९ च्या नोंदी रोज पडत असतील तर पुढे काय वाढून ठेवलंय ते सांगायला नको. लिनक्सवर हेच कर्नलच्या लॉगमध्ये मशीन चेक या शब्दांनी सापडतं.

फक्त मोठ्या पडतात

एफएफटीच्या एका घटकात साधारण १८ बिट बसतात आणि घटक असतो ८ बाइटचा. १०२२३ च्या त्या संख्येला ३ कोटी ११ लाख बिट, म्हणजे १७ लाखांवर घटक, म्हणजे सुमारे १४ एमबी. आताच्या टास्कमधला न याहून मोठा आहे. लॉगमध्ये लांबी २५६०के दिसली तर २५६० × ८ = २०४८० केबी, म्हणजे २० एमबी धरा. छोट्या प्रॉथ टास्कचं हेच गणित एखाद-दोन एमबीत आटोपतं. म्हणजे छोटी टास्क अख्खी प्रोसेसरच्या कॅशमध्ये राहते, रॅमला फारसा हातच लावत नाही. मोठी टास्क दर वर्गाला रॅम घुसळून काढते. ‘गेम चालतात, व्हिडिओ एडिटिंग चालतं, छोट्या टास्क चालतात, मग रॅम कशी खराब?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. गेममध्ये एक बिट उलटला तर एखाद्या पिक्सेलचा रंग बदलतो, कुणाला दिसतही नाही.

बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी ही रॅम जादा वेगानं चालवणारी सेटिंग बंद करा (एएमडीच्या बोर्डवर तिचं नाव डीओसीपी किंवा एक्स्पो). रॅमच्या पाकिटावर छापलेला ३६०० सारखा आकडा म्हणजे कारखान्यातून आलेलं ओव्हरक्लॉक आहे. तो त्या स्टिकला जमत असला तरी तुमच्या प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला जमेलच असं नाही. चार स्टिक लावल्या असतील तर शंका दुप्पट. एक्सएमपी बंद करून प्राइम९५ या प्रोग्रॅमचा टॉर्चर टेस्ट ‘लार्ज एफएफटी’वर रात्रभर, निदान १२ तास चालवा. एलएलआर आणि प्राइम९५ दोन्ही जॉर्ज वोल्टमन यांच्याच गुणाकाराच्या लायब्ररीवर चालतात, त्यामुळे ही चाचणी प्रत्यक्ष कामाच्या जितकी जवळ जाते तितकी दुसरी कुठलीच जात नाही. बिघाड असेल तर एखादा वर्कर (एकेका कोअरवर चालणारी चाचणी) ‘फेटल एरर: राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’ असं लिहून थांबतो. बाकीचे वर्कर चालूच राहतात, म्हणून सकाळी सगळ्या खिडक्या तपासा. एकच थांबलेला असला तरी निकाल नापासच.

एक्सएमपी बंद करून पास झालं तर दोष वेगाचा. मग ३६०० ऐवजी ३२०० किंवा ३००० ठेवून, टायमिंग न आवळता, तीच चाचणी पुन्हा द्या. बंद करूनही नापास झालं तर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून बूट करून चार पास पूर्ण होऊ द्या. १६ जीबीला काही तास लागतात. एकही लाल ओळ चालत नाही. लाल ओळ आली तर एकेक स्टिक एकटी लावून तपासा. स्टिक बदलली तरी त्याच स्लॉटमध्ये चूक येत असेल तर दोष बोर्डाचा किंवा सॉकेटच्या पिनांचा.

नवीन रॅम घेण्याआधी दोन फुकटचे उपाय. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक बहुतेक वेळा प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असायला हव्यात. दुकानातून जुळवून आणलेल्या पीसीतही त्या चुकीच्या जागी सापडतात. आणि किनारपट्टीच्या हवेत, कोकणात आणि गोव्यात, दोन-तीन पावसाळे काढलेल्या मशीनच्या संपर्कपट्ट्या काळपट पडतात. खोडरबरानं घासायची आपल्याकडची जुनी पद्धत वाईट नाही, पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडता कामा नये. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून पूर्ण वाळू द्या.

छोट्याही पडतात

इथे चाचणी उलटी: प्राइम९५ मध्ये ‘स्मॉल एफएफटी’. हा टेस्ट रॅमला बाजूला ठेवतो आणि कोअर इतके तापवतो की साधा वापर त्याच्या जवळपासही येत नाही. शेजारी तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. पहिल्या दहा मिनिटांतच तापमान ९५-१०० अंशांना भिडून प्रोसेसरचा क्लॉक वेग खाली येत असेल तर कूलरचा प्रश्न आहे.

कूलरची ताकद खोलीच्या तापमानावर मोजा. खोलीत २८ अंश असताना कोअर ७५ अंशांवर राहत असेल, तर खोली ४० झाली की तोच कोअर ८७ च्या आसपास जातो. जानेवारीत सुरळीत चाललेलं मशीन अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात एरर देऊ लागतं, त्यात गूढ काही नाही. हीटसिंकमधली धूळ ब्लोअरनं काढा (पंख्याचं पातं बोटानं धरून, नाहीतर बेअरिंग जातं), तीन-चार वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्ट बदला. वाळ्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका, ओल आणि काड्या दोन्ही आत जातात.

पण पैशांचा सगळ्यांत चांगला उपयोग कूलर बदलण्यात नाही, वीज कमी करण्यात आहे. बायॉसमध्ये इंटेलसाठी पीएल१ आणि पीएल२ या वीजवापराच्या मर्यादा दोन्ही ६५ वॅटवर आणा. एएमडीच्या रायझनवर ६५ वॅटचा इको मोड लावा, त्यात सॉकेटची मर्यादा ८८ वॅट होते. मोठ्या टास्कचा वेग मुळात रॅमनं अडलेला असतो, त्यामुळे कोअर थोडे मंद झाले तरी टास्क फार उशिरा संपत नाही. तापमान मात्र झपाट्यानं उतरतं. बिलाचाही विचार करा: सतत १०० वॅट म्हणजे महिन्याला ७२ युनिट.

तापमान व्यवस्थित असूनही स्मॉल एफएफटी नापास होत असेल तर व्होल्टेज. ओव्हरक्लॉक काढा, हे सांगायची गरज नसावी. अंडरव्होल्ट मात्र लोक विसरतात. ‘मी ओव्हरक्लॉक केलेलं नाही’ म्हणणाऱ्यांच्या बायॉसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (रायझनचं व्होल्टेज कमी करणारी सेटिंग) उणे २५ वर सापडतो. तो शून्यावर आणा, मग पाच-पाचनं खाली जाऊन प्रत्येक टप्प्यावर चाचणी घ्या. एकच कोअर कमकुवत असेल तर फक्त त्याचीच उणे मर्यादा सैल करा. प्राइम९५ मध्ये दर वेळी कोणता वर्कर थांबतो त्यावरून तो कोअर ओळखता येतो.

१३ व्या किंवा १४ व्या पिढीचा डेस्कटॉप इंटेल कोअर असेल तर एक पायरी जास्त. यांतले काही प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागून झिजतात, हे कंपनीनं २०२४ मध्ये मान्य केलं आणि मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला. बोर्डाच्या उत्पादकाच्या साइटवरून २०२४ अखेरीचा किंवा त्यानंतरचा बायॉस टाका. अपडेट पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही. नव्या बायॉसवर, फॅक्टरी सेटिंग्जवरही चाचणी नापास झाली तर प्रोसेसर वॉरंटीत बदलून घ्या. त्या मॉडेल्सची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवलेली आहे.

एरर नाही, पण संपतच नाही

सहा कोअरचा प्रोसेसर आहे म्हणून बॉइंकनं सहा, किंवा हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) धरून बारा टास्क एकदम सुरू केल्या. प्रत्येक टास्कला २० एमबी हवेत, म्हणजे सहांना १२० एमबी. एल३ कॅश आय५-१०४०० मध्ये १२ एमबी, आय५-१२४०० मध्ये १८, रायझन ५ ५६००एक्स मध्ये ३२. उरलेलं सगळं रॅमच्या दोन चॅनेलमधून ये-जा करतं आणि सहाही कोअर एकमेकांची वाट बघत बसतात. टास्क मॅनेजरमध्ये वापर १०० टक्के दिसतो, पण तो वाट बघण्याचा १०० टक्के.

उपाय: एका वेळी एकच मोठी टास्क, आणि सगळे कोअर तिलाच. प्राइमग्रिडच्या साइटवरच्या प्रेफरन्सेसमध्ये एका टास्कला किती थ्रेड आणि एका वेळी किती टास्क, अशा दोन्ही सेटिंग्ज आहेत. थ्रेड प्रत्यक्ष कोअरइतके ठेवा, सहा कोअरला सहा. हायपरथ्रेडिंगचे जादा थ्रेड इथे कामाचे नाहीत, कारण एका कोअरचं गणिताचं यंत्र एलएलआर एकट्यानं व्यापून टाकतं. बॉइंकमध्ये ‘सीपीयूंपैकी जास्तीत जास्त’ ५० टक्के करा. मग मॅनेजरमध्ये प्रोजेक्ट निवडून अपडेट दाबा. नव्या टास्कच्या स्टेटसमध्ये ‘रनिंग (६ सीपीयू)’ दिसलं की सेटिंग लागू झालं.

एल३ दोन तुकड्यांत असेल तर हिशेब वेगळा. रायझन ९ ५९५०एक्स मध्ये ३२-३२ एमबीचे दोन गट आहेत, तिथे आठ-आठ थ्रेडच्या दोन टास्क ठेवा. रायझन ५ ३६०० मध्ये १६-१६ आहेत आणि २० एमबीची टास्क एकाही गटात मावत नाही. तिथे एकच टास्क चालवून वेग कमी मिळणार हे मान्य करावं, किंवा सरळ मधल्या आकाराच्या उपप्रकल्पाकडे जावं. इंटेलच्या पी (वेगवान) आणि ई (मंद) कोअरच्या मिश्र प्रोसेसरवर थ्रेड फक्त पी कोअरना बांधा. काम समान वाटलं जातं, त्यामुळे एक मंद ई कोअर सगळ्यांना रोखून धरतो.

बॉइंकच्या काही सेटिंग्ज मोठ्या टास्कला मारक आहेत. ‘सीपीयू वेळेपैकी जास्तीत जास्त’ १०० टक्केच ठेवा. ७० केलं तर बॉइंक टास्क सतत थांबवून-चालवून सरासरी गाठतो, प्रोसेसर तापतो-थंड होतो आणि वेग जातो. गरम होतंय म्हणून हा आकडा कमी करणारे बरेच आहेत. त्यासाठी वर सांगितलेली वॅटची मर्यादा वापरा. ‘बॉइंकबाहेरचा सीपीयू वापर २५ टक्क्यांच्या वर गेला तर थांबा’ हे डीफॉल्ट असतं. ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की टास्क थांबते, तुम्हाला कळतही नाही. थांबलेली टास्क मेमरीत ठेवण्याची खूण चालू करा, नाहीतर दर वेळी शेवटच्या चेकपॉइंटपासून (डिस्कवर जतन केलेल्या टप्प्यापासून) काम पुन्हा होतं. आणि कामाचा साठा ०.१ दिवसापेक्षा जास्त मागू नका, नाहीतर एक टास्क चालू असताना दुसरी नुसती मुदत खात बसते. हे सगळं मॅनेजरमध्ये एकदा बदललं की साइटवरच्या सर्वसाधारण सेटिंग्ज त्या मशीनला लागू होत नाहीत. ‘साइटवर बदललं तरी काही होत नाही’ ही तक्रार त्यातूनच येते.

वीज, तारीख, डिस्क

वीज अचानक गेली आणि त्याच क्षणी चेकपॉइंट लिहिला जात असेल तर फाईल अर्धवट राहते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरतो, दिवे आले-गेले एवढं त्याला झेपतं. घरचा इन्व्हर्टर वापरत असाल तर त्यामागचा स्विच ‘यूपीएस’वर हवा, ‘इको’वर नको.

जुन्या पीसीवर टास्क उतरतच नाहीत किंवा सर्टिफिकेटची तक्रार येते, तर उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते. किराणा दुकानातही मिळणारी बॅटरी बदलली की प्रश्न मिटतो.

डिस्कचं म्हणाल तर आता दुसऱ्या मशीनवर सगळी गणना पुन्हा करून उत्तर पडताळण्याची गरज नसते. तुमचं मशीन पुराव्याच्या फायली पाठवतं, आणि त्यांवरून एका छोट्या टास्कमध्ये पडताळणी होते. त्यासाठी मधल्या बाक्या साठवाव्या लागतात. १०२२३ च्या संख्येची एक बाकी ३.९ एमबीची, अशा ६४ ठेवल्या तर २५० एमबी. बॉइंकला ‘डिस्कपैकी १ जीबी’ एवढीच परवानगी असेल आणि दोन टास्क चालू असतील तर अडचण येऊ शकते. ५ जीबी द्या. प्रोग्रॅमडेटामधला बॉइंकचा फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा, आणि ‘जंक क्लीनर’ प्रकारची सॉफ्टवेअर मशीनवर ठेवूच नका. टास्क पूर्ण होऊनही ‘अपलोडिंग’वर अडकली असेल तर ट्रान्सफर्स टॅबमध्ये जाऊन ‘रिट्राय नाऊ’ दाबा. मोबाइल हॉटस्पॉटवर या फायली अर्ध्यात तुटतात, पण गणना सुरक्षित असते, म्हणून अबॉर्ट करू नका.

परत मोठ्या टास्ककडे

दुरुस्तीनंतर लगेच सेव्हन्टीन ऑर बस्ट घेऊ नका. आधी १२ तास लार्ज एफएफटी, मग मधल्या आकाराच्या दोन-तीन टास्क, आणि त्यांचे लॉग उघडून मागे गेल्याची एकही खूण नाही याची खात्री. त्यानंतर एकच मोठी टास्क. ती पार पडेपर्यंत बायॉसमधलं काही बदलू नका, रॅम वाढवू नका, विंडोजचं अपडेट आपोआप रीस्टार्ट करणार नाही असं बघा.

लॅपटॉपवर हा उद्योग करूच नये. कूलिंग दिवसभराच्या पूर्ण भारासाठी बनवलेलं नसतं, बॅटरी शेजारीच तापत राहते आणि पंखे वर्षभरात खडखडू लागतात. लॅपटॉपला छोट्या टास्क द्या, त्याही अर्ध्या कोअरवर.

आणि चालू असलेली मोठी टास्क आपल्याच्यानं होणार नाही असं दिसलं, तर ती तशीच टांगून ठेवू नका. टास्क निवडून अबॉर्ट दाबा, मग प्रोजेक्ट टॅबमधून अपडेट. सर्व्हरला लगेच कळतं आणि तीच संख्या दुसऱ्या मशीनकडे जाते. अबॉर्ट न करता बॉइंक काढून टाकलं, तर मुदत संपेपर्यंत ती संख्या कुणालाच मिळत नाही.